एका सर्व्हरवर दोन चुली

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातून



मंडळाच्या ऑफिसात नवा सर्व्हर आला, त्यावर सभासदांच्या यादीचा नवा प्रोग्राम बसला, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यानंतर या सदराकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. एका ज्येष्ठ भगिनीने तर फोन करून अगदी सरळ विचारलं, "अरे बाबा, नवीन आलं ना? मग तो जुना काळा पडदा अजून कशाला चालू ठेवलाय? दोन-दोन चुली पेटवायच्या म्हणजे खर्च दुप्पट नाही का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर: अझकाराच्या तारखा. पण दोन शब्दांत कोणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी मुलांसाठी. सर्व्हर म्हणजे कोणी मोठा जादूगार नव्हे. तो आपल्या लग्नाच्या पंगतीतला वाढपी. ऑफिसातले बाकीचे संगणक, म्हणजे तुमच्या भाषेत महशेव, त्याच्याकडे काहीतरी मागतात आणि तो आणून वाढतो. "अश्दोदच्या सभासदांची यादी आण" म्हटलं की यादी आणतो. त्याच्या पोटात एक प्रोग्राम असेल किंवा दहा असतील, त्याला फरक पडत नाही. मात्र त्यांनी आपापसांत भांडता कामा नये.

आणि भांडण होतंच. जुना आणि नवा प्रोग्राम एकाच यंत्रावर ठेवले की पहिलं भांडण होतं सामानावरून. प्रत्येक प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. तारीख छापणे, फाईल उघडणे, अक्षरं दाखवणे यासाठी तो यंत्रावरच्या सामाईक फाईलींची मदत घेतो. विंडोजमध्ये या फाईलींना डीएलएल म्हणतात. १९९० च्या दशकात असं व्हायचं की नवा प्रोग्राम बसवताना तो आपली नवी डीएलएल जुनीच्या जागी ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी जुना प्रोग्राम उघडावा तर तो काही केल्या चालेना. चाळीत एकाने पाण्याचा सामाईक नळ बदलला आणि शेजारणीच्या घागरीचं तोंड त्याखाली मावेना, तशातला प्रकार. त्या काळच्या प्रोग्रामरांनी याला "डीएलएलचा नरक" असं नावच ठेवलं होतं. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून एकाच डीएलएलच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय आली आणि हा त्रास बराच कमी झाला.

दुसरं भांडण दारावरून. सर्व्हरला क्रमांकांची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ६५ हजारांवर आहेत, म्हणजे टंचाई नाही. पण एका पत्त्यावरच्या एका दारात एकाच वेळी एकच प्रोग्राम उभा राहू शकतो. दोघांनाही ८० नंबरचंच दार हवं असेल तर जो नंतर आला त्याला जागा नाही. उपाय सोपा: दुसऱ्याला वेगळा नंबर द्यायचा, नाहीतर पुढच्या दारावर एक दरवान बसवायचा, जो नाव विचारून पाहुण्याला योग्य खोलीकडे पाठवतो.

ज्यांची मुलं-नातवंडं हायटेकमध्ये आहेत त्यांनी आजच्या जेवणाच्या वेळी विचारून पाहावं. ती रोज हेच करतात. पायथॉन नावाच्या भाषेची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली. दुसरीचा आधार अधिकृतपणे संपला १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं जगभरच्या सर्व्हरांवर दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदत होत्या, कारण जुन्यात लिहिलेलं काम एका रात्रीत नव्यात उतरवणं कोणालाच शक्य नव्हतं. तेव्हा आपलं मंडळ काही मागासलेलं नाही बरं का.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. आपला जुना प्रोग्राम डॉसच्या काळातला, फॉक्सप्रोमध्ये केलेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. नवा सर्व्हर ६४ बिटांचा. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे जुन्याला नुसता नव्या यंत्रावर उचलून ठेवला तर तो डोळाही उघडणार नाही.

मग त्याला आभासी यंत्रात ठेवला. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० ही मोठी यंत्रं जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांची पहिली काळजी हीच होती की आमच्या जुन्या १४०१ यंत्रावरच्या कामाचं काय? आयबीएमने नव्या यंत्राच्या काही मॉडेलांत जुन्याची हुबेहूब नक्कल करायची सोय दिली. पुढे १९७२ साली व्हीएम ३७० आलं, ज्यात एकाच यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं असल्याचा भास निर्माण करता यायचा. आपल्यापैकी अनेकजण त्या वर्षी भायखळ्याला किंवा ठाण्याला शाळेत होते! १९९९ साली व्हीएमवेअरने हीच करामत साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली.

तर आपल्या नव्या सर्व्हरच्या पोटात एक लटकं जुनं यंत्र आहे. त्यात डॉस आहे, आणि त्या डॉसमध्ये आपला जुना प्रोग्राम. त्या बिचाऱ्याला कळतही नाही की आपण परक्या घरात आहोत. त्याला वाटतं, तोच जुना संगणक, तोच जुना पडदा. जागा किती लागली म्हणाल, तर डॉसच्या प्रोग्रामला मुळात ६४० किलोबाइट मेमरी मिळायची. नव्या सर्व्हरची मेमरी १६ गिगाबाइट, म्हणजे २६ हजार पटींहून जास्त. तेव्हा खर्च दुप्पट झालेला नाही. ज्येष्ठ भगिनींनी निश्चिंत असावं, या दुसऱ्या चुलीला लाकूड फार लागत नाही.

एक खोड मात्र निघाली. डॉसचे प्रोग्राम एकटे राहायला सोकावलेले. कळ दाबली का, कळ दाबली का, असं ते क्षणाक्षणाला विचारत राहतात. काम काही नाही, पण प्रोसेसर पूर्ण जुंपलेला. दर मिनिटाला उठून दार उघडून "कोणी आलं का?" बघणारे आजोबा असतात ना, तसं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात सर्व्हरचा पंखा दिवसभर घोंगावत होता आणि नवा प्रोग्राम रखडत होता. जुन्याच्या वाट्याला प्रोसेसरचा किती हिस्सा द्यायचा ते ठरवून दिल्यावर शांतता झाली. छपाईचंही तसंच. जुन्याला फक्त करकर वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ठाऊक. आता तो आपल्या समजुतीने त्या प्रिंटरकडेच पाठवतो, पण वाटेत त्याची फाईल होते आणि ती नव्या प्रिंटरवर निघते.

इथपर्यंत सगळं यंत्राचं. खरी कसोटी लागली ती अक्षरांची.

मुलांनो, इथे एक खेळ आहे, कागद-पेन्सिल घ्या. संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. हिब्रूची अक्षरं शेवटच्या रूपांसकट २७. जुन्या डॉसमध्ये आलेफचा आकडा १२८, बेतचा १२९, गिमेलचा १३०, असं ओळीने १५४ पर्यंत. विंडोजमध्ये तीच आलेफ २२४ वर गेली. युनिकोडमध्ये तिचा आकडा १४८८. आता आपल्या जुन्या नोंदवहीत एका ठिकाणी हे चार आकडे सापडले: १४१, १३३, १४०, १५३. कोणता शब्द? आजी-आजोबांना न विचारता शोधा. शेवटच्या रूपाचं अक्षर मूळ अक्षराच्या आधी येतं हे ध्यानात ठेवा, म्हणजे खाफ सोफीत आधी, मग खाफ.

सापडला? मेम सोफीत, वाव, लामेद, शिन. म्हणजे शालोम, पण उलटा! जुनी यंत्रं डावीकडून उजवीकडे छापणारी होती, म्हणून हिब्रू शब्द पडद्यावर बरोबर दिसावा यासाठी तो आतमध्ये उलटा ठेवायची पद्धत होती. नव्या प्रोग्राममध्ये शब्द वाचतो त्या क्रमाने ठेवतात आणि उजवीकडून दाखवायचं काम यंत्र करतं. जुन्यातली नोंद जशीच्या तशी नव्यात ओतली तर पहिल्याने आलेफच्या जागी युरोचं चिन्ह येतं, कारण विंडोजच्या हिब्रू तक्त्यात १२८ वर युरो बसला आहे. आणि आकडे बदलून घेतले तरी माणसाचं नाव पाठमोरं.

गंमत म्हणजे आपल्या मराठीचीही हीच कथा. या पत्रिकेचे जुने अंक ज्या फाँटांत जुळवले होते त्यांत "कि" लिहिताना आधी वेलांटी टाकायची, मग क. जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. त्यामुळे जुने अंक नव्यात आणताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसते आणि रफार वाट चुकतो. म्हणून जुळणीचा जुना प्रोग्रामही त्याच्या जुन्या विंडोजसकट आणखी एका आभासी यंत्रात ठेवला आहे. त्याच्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण तो कोणाला दिसत नाही.

नावांचं सांगायचंच तर, हिब्रूत च नाही. त्सादीवर गेरेश, म्हणजे छोटा काना दिला की च होतो. जुना प्रोग्राम गेरेश ठेवायचा, पण नव्यात ओतताना तो वाटेत गळला. परिणामी आपले चिंचोलकर एका रात्रीत त्सिंत्सोलकर झाले. त्यांनी हसून घेतलं, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. कोकणातलं गाव सुटलं, मुंबई सुटली, गावाचं नाव तेवढं आडनावात उरलं आहे. ते तरी यादीत नीट असावं.

आणि आता त्या दोन शब्दांकडे येतो.

सुरुवातीला ठरलं होतं की एका शुक्रवारी जुना बंद करायचा आणि रविवारी नवा सुरू करायचा. सेक्रेटरीसाहेबांनी नको म्हटलं. काही महिने दोन्ही चालवा, दोघांकडून दर महिन्याची अझकाराची यादी काढा आणि ओळीला ओळ लावून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्याच महिन्यात काही नावांपुढे दोन याद्यांत एका दिवसाचा फरक निघाला.

नवा प्रोग्राम हुशार आहे. इंग्रजी तारीख द्या, तो हिब्रू तारीख काढून देतो. पण आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. संध्याकाळी दिवेलागणीनंतर जो गेला त्याची हिब्रू तारीख पुढची. नव्या प्रोग्रामात वेळेचा रकाना आहे, पण जुन्या नोंदींत वेळ लिहिलेलीच नव्हती. रकाना रिकामा, म्हणून त्याने सर्वांना दिवसाउजेडी गेलेले धरलं. जुन्या प्रोग्रामला हिशेब येत नव्हता. त्यात हिब्रू तारीख त्या त्या वेळी घरच्यांना विचारून, हाताने भरलेली होती. म्हणजे अडाणी होता तोच बरोबर निघाला. त्या शुक्रवारी जुना बंद केला असता तर या फरकाचा कोणाला पत्ताही लागला नसता, आणि कोणाच्या तरी वडिलांसाठी कद्दिश वर्षानुवर्षं एक दिवस आधी म्हटला गेला असता.

उलटंही घडलं आहे, ते सांगितलं पाहिजे. जुन्यात वर्षाचे दोनच आकडे भरायची पद्धत होती. २५ म्हणजे १९२५ की २०२५? जुना सगळ्यांना १९०० मध्ये ढकलतो. त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या बाळांची वयं त्याच्या यादीत शंभरीला टेकली आहेत. तिथे नवाच खरा.

दोन चुलींचा एकच कडक नियम आहे आणि तो मंडळाने भिंतीवर लावला आहे: लिहायचं एकाच ठिकाणी. दोन्ही प्रोग्राम वाचू देत, छापू देत, पण नोंद एकातच. आपल्या घरी किराण्याचा हिशेब दोन वह्यांत दोघांनी लिहिला तर महिनाअखेर कोणती वही खरी हे कोणालाच सांगता येत नाही. सध्या नवी नोंद जुन्यातच होते. रात्री २ वाजता तिची नक्कल आपोआप नव्यात जाते. एकाच दिशेने. उद्या नव्याकडे मालकी गेली की जुन्याच्या फाईलींना कुलूप लागेल, त्या फक्त वाचता येतील. एका उत्साही तरुण सभासदाने नव्यात परस्पर फोन नंबर दुरुस्त केला, तो रात्रीच्या नकलेत पुसला गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा केला, पुन्हा पुसला गेला. तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरचा कागद वाचला.

घाईने एका झटक्यात बदल केल्यावर काय होतं याचं मोठं उदाहरण इंग्लंडातल्या आपल्या वाचकांना आठवत असेल. एप्रिल २०१८ मध्ये टीएसबी बँकेने आपल्या ५० लाखांवर गिऱ्हाइकांची खाती एका शनिवार-रविवारात जुन्या यंत्रणेवरून नव्यावर हलवली. सोमवारी लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड केला. बँकेकडे माणसं होती, पैसा होता. कमी पडली ती तपासणी.

तरी जुना प्रोग्राम कायमचा ठेवावा असं मी म्हणणार नाही. जुन्याला ज्यांनी बनवलं ते आता त्याची डागडुजी करत नाहीत. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचाही आधार मायक्रोसॉफ्टने २०१५ साली संपवला. जुन्या घराच्या कड्या ढिल्या असतात आणि चोराला त्या ठाऊक असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या किड्याने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतली कामं ठप्प केली. तो शिरला तो फाईली वाटून घ्यायच्या एका जुन्या पद्धतीतल्या भोकातून. त्यावरचं ठिगळ दोन महिने आधीच, मार्चमध्ये, मिळत होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. म्हणून आपल्या जुन्याच्या खोलीला बाहेरचं दारच ठेवलेलं नाही. इंटरनेट त्याला दिसत नाही आणि तो इंटरनेटला दिसत नाही. त्याच्या फाईलींची नक्कल रोज निघते आणि आठवड्यातून एकदा ऑफिसच्या बाहेर दुसऱ्या घरी जाते.

मग बंद कधी करायचा? काहीजण म्हणाले सहा महिने, काहीजण म्हणाले वर्ष. माझ्या मते वर्षही पुरत नाही, कारण आपल्या कॅलेंडरात १९ वर्षांत ७ वेळा अदार दोनदा येतो. ५७८४, म्हणजे २०२४ साली, तसा आला होता. त्यानंतरचं असं वर्ष ५७८७, म्हणजे २०२६-२७. साध्या वर्षी अदारमध्ये गेलेल्यांचा दिवस अशा वर्षी पहिल्या अदारमध्ये धरायचा की दुसऱ्या, याचे रिवाज वेगवेगळे आहेत आणि ते घरच्यांनी आपल्या हझानांना विचारून ठरवायचं. प्रोग्रामने परस्पर ठरवायचं नाही. नव्याने ठरवून टाकलं आहे. सेटिंगमध्ये खूण आहे, पण ती सर्वांना एकच लागू होते. माणसागणिक वेगळी करायला सांगितलं आहे आणि बनवणाऱ्यांनी होकार दिला आहे. दुसऱ्या अदारची यादी दोन्हीकडून निघून एकमेकींशी जुळेपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२७ मध्ये निसान लागेपर्यंत, काळा पडदा चालू राहील असं कमिटीने ठरवलं आहे.

त्यासाठी आपली मदत हवी आहे. या अंकासोबत प्रत्येक घरी एक पान आलं आहे. डावीकडे जुन्या यादीतली आपल्या घरची नावं, उजवीकडे नव्या यादीतली. जिथे तारखेत फरक आहे तिथे फुली मारलेली आहे. त्या फुलीसमोर फक्त एवढंच लिहा: सूर्यास्ताआधी की नंतर, आणि मृत्यू कुठल्या गावी झाला. अदारमधला दिवस असेल तर घरचा रिवाज लिहा. नावातलं च, ट, ड नीट आहे का तेही पाहा. बारीक अक्षर दिसत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या. आठवत नसेल तर तसं लिहा, अंदाजाने भरू नका. आपल्या भावंडांपैकी कोणी भारतात असेल तर त्यांना फोन करून विचारा. इस्राएलपेक्षा तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतं, उन्हाळ्यात अडीच. तेव्हा रात्री फार उशिरा करू नका.

पानं पुढच्या अंकाच्या आत ऑफिसात पोचवा. आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी आणखी चार आकडे, हेही जुन्या वहीतलेच, तेव्हा उलटे वाचायचे: १३२, १४२, १३७, १२८. उत्तर त्याच पानाच्या मागे लिहून पाठवा.